रंग नवा, पण भिंत कशी आहे?

पुण्यात प्रभात रोडच्या एखाद्या शांत गल्लीत, जुन्या सोसायटीतला ‘नुकताच रिनोव्हेट केलेला’ फ्लॅट भाड्याने मिळतोय असं दिसलं की लगेच टोकन देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. जरा थांबा. नव्या रंगाखाली ओल सहज लपते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, वॉर्डरोबच्या आत, सिंकखालच्या कपाटात हात फिरवून बघा. दमट लागलं किंवा पोपडे सुटत असतील, तर वरच्या मजल्यावरून गळती आहे का ते विचारा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातं का पाहा. उतार चुकला असेल, तर टाइल्स कितीही सुंदर असल्या तरी रोज वायपर मारावा लागणार. वायरिंग बदललंय की नुसते स्विचबोर्ड, हेही स्पष्ट विचारा. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण जुन्या तारांवर गीझर आणि एसीचा भार धोक्याचा असतो.

गल्ली दुपारी शांतच वाटते. रात्री नऊनंतर एकदा आणि सकाळी शाळेच्या वेळेला एकदा चक्कर मारा.

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर भाड्याने घेतानाचा करार, नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. किल्ली मिळेल त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, ओरखड्यांसकट. डिपॉझिट परत घेताना तेच कामी येतात.