हातून सुटलेल्या गोष्टी परत कशा मिळवायच्या (जितक्या मिळतील तितक्या)

घरातलं माणूस म्हातारं व्हायला लागलं किंवा आजारातून उठलं की आपण त्याच्या हातातून एकेक काम काढून घ्यायला लागतो. नारळ खवू नका, स्कूटर काढू नका, मासळीला जाऊ नका, दिवेलागणीनंतर बाहेर पडू नका. सगळं प्रेमापोटीच असतं हो, पण वर्षभरात त्या माणसाकडे खुर्ची, टीव्ही आणि गोळ्यांचा डबा एवढंच उरतं आणि मग आपणच शेजाऱ्यांना सांगतो की बाबा हल्ली फार चिडचिडे झालेत. चिडणार नाहीत तर काय करतील!

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात दोन म्हातारी माणसं, सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडलेली आणि सासऱ्यांचा डावा हात पॅरालिसिसनंतर कमजोर, त्यामुळे हे सगळं रोजच्या वापरातलं लिहितेय. मूळ युक्ती एकच आहे. कुठलंही काम सुटलं की त्यातला नेमका कुठला तुकडा त्या माणसाला आवडत होता तो शोधायचा, तेवढा त्याच्याकडे ठेवायचा आणि बाकीचं आपण उचलायचं. मासळीला जाणाऱ्याला पिशवी उचलायची हौस नसते, त्याला कल्ला उघडून बघायचा असतो आणि भावावरून दोन शब्द बोलायचे असतात.

पण त्याआधी एक काम करा. ‘वय झालं’ हे निदान नाही. ऐकू येत नाही म्हणून सगळे ओरडत असतात आणि निघतो कानात मळ. दिसत नाही म्हणून पेपर बंद होतो आणि असतो मोतीबिंदू, जो काढता येतो. जेवण नकोसं झालं तर कवळी सैल झालीय का ते आधी बघा. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा यांच्यामागे बी-१२ ची कमतरता असू शकते आणि जी माणसं मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतात त्यांच्यात ती जास्त दिसते, साध्या रक्त तपासणीत कळतं. तोंड कोरडं पडणं, चव जाणं, दिवसभर गुंगी, हे बऱ्याचदा गोळ्यांमुळेच असतं. तेव्हा घरातल्या झाडून सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत भरा, अंगदुखीच्या, झोपेच्या, आयुर्वेदिक, शेजारणीने दिलेल्यासुद्धा, आणि पिशवी डॉक्टरच्या टेबलावर ओता. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका.

आणि काहीही अचानक गेलं, म्हणजे तोंड एका बाजूला वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळलं, एका डोळ्याने दिसेना, तर थोडं झोपून बघू, सकाळी जाऊ असं करू नका, लगेच १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्यातला वेळ स्कॅनमध्येही जातो, त्यामुळे त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा.

पायातली ताकद गेली तर ती गेलीच असं समजू नका. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धांच्या केंद्रातल्या नव्वदीच्या आसपासच्या अशक्त लोकांकडून ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, तर पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीला! आपल्याला मशीन नको, भिंतीला टेकवलेली हात असलेली मजबूत खुर्ची पुरे (प्लास्टिकची हलकी नको, ती सरकते). खुर्चीवरून उठायचं, सावकाश परत बसायचं, जमेल तितक्या वेळा, शेजारी कोणीतरी उभं. गुडघ्याचं ऑपरेशन किंवा हार्टचं काही असेल तर आधी विचारून. यातून काय परत येतं माहितीये? कुणी ओढून न उठवता संडासात जाणं. याच्याइतका मोठा आनंद नाही, ज्याचा गेलाय त्याला विचारा.

आता मासळी, कारण आमच्याकडे माणसाने मासे सोडले म्हणजे घरात सुतकी कळा. बऱ्याच म्हाताऱ्यांनी सोडलेले असतात ते काट्याच्या भीतीने. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे तोंडात काटा आलाय हे कळतच नाही आणि डोळ्यांनाही तो दिसत नाही. मग तारले बंद करा, नाइलाज आहे. इसवणाचा (सुरमईचा) तुकडा द्या, मोरी (लहान शार्क) द्या, मोरीला काटे नसतात, मऊ कूर्चा असते. सुंगटं (कोळंबी) सोलून बारीक करून किसमुरीत, म्हणजे खोबऱ्याच्या सुक्या कोशिंबिरीत. बांगडा हवाच असेल तर हुमणातला (कालवणातला) शिजलेला बांगडा ताटात पाठीकडून उघडायचा, मधला काटा शेपटीकडून धरून अख्खा उचलायचा, पोटाकडचे बारीक काटे वेगळे काढायचे आणि उरलेल्या मासावरून आपण बोट फिरवायचं, डोळ्यापेक्षा बोटाला काटा आधी सापडतो. हे त्यांच्या ताटात सगळ्यांसमोर करू नका, स्वयंपाकघरात करून आणा आणि ताटात पुन्हा बांगड्यासारखा मांडा. हाताने जेवू दे त्यांना. चमचा ज्याला लागतो त्याला द्या, उगाच सांडतं म्हणून देऊ नका.

जेवताना किंवा चहा पिताना रोज ठसका लागत असेल, विशेषतः पॅरालिसिस किंवा पार्किन्सन्सनंतर, तर गिळण्याची तपासणी करून घ्या. स्पीच थेरपिस्ट हे बघतात, त्यांचं काम नुसतं बोलण्याचं नाही. अशा माणसाला कधीकधी पातळ चहा जास्त त्रास देतो आणि घट्ट पेज सुखाने जाते. काय किती घट्ट ते त्यांनीच ठरवायचं.

चव कमी झाली म्हणून म्हातारी माणसं मीठ वाढवतात आणि आपण बीपीसाठी ते काढून घेतो, मग भांडण. खरं म्हणजे बऱ्याचदा जिभेपेक्षा नाक कमजोर झालेलं असतं. मीठ वाढवायचं नाही, आंबट आणि वास वाढवायचा. सोलं (आमसुलं) थोडी जास्त, तिरफळं ठेचून, वरून लिंबू, ताजी कोथिंबीर, आणि ताटात काहीतरी कुरकुरीत. खारातला बांगडा आणि पेजेबरोबरचं तोरांचं लोणचं ही मिठाचीच खाण, ते सणासारखं, बोटाच्या पेराएवढं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं, विचारल्याशिवाय आणू नका. शहाळ्याचंही तसंच. आणि नाक गेलेलं माणूस एकटं स्वयंपाक करत असेल तर गॅस डिटेक्टर लावा, सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो पण तो यायला नाक हवं ना.

कानाचं थोडक्यात. वयामुळे आधी बारीक, उंच आवाज जातात, स, श, फ, त सारखे, त्यामुळे ‘ऐकू येतं पण कळत नाही’ असं ते म्हणतात ते खरंच असतं, आणि नातवंडांचं सगळ्यात कमी कळतं. ओरडून उपयोग नाही, आवाज नुसता फाटतो. समोर या, उजेड तुमच्या तोंडावर पडू दे, सावकाश बोला आणि टीव्ही बंद करा. पावसात पत्र्यावर पाऊस वाजत असताना महत्त्वाचं काही बोलूच नका. श्रवणयंत्र घेतलं तर पहिले काही आठवडे भांडीसुद्धा कर्कश वाजतात, म्हणून सुरुवातीला घरात शांत वेळी तास-दोन तास लावायचं, मग वाढवायचं. जत्रेतलं नाटक बघायला नेताना लाऊडस्पीकरच्या शेजारची खुर्ची पकडू नका, स्टेजच्या समोर पुढे बसवा, ओठ दिसले पाहिजेत.

डोळ्यांना उजेड लागतो. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जितका प्रकाश पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. म्हणून पेपर वाचायला खांद्यामागून येणारा चांगला दिवा, आणि मोबाइलवर ई-पेपर मोठा करून. सोप्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा मारा, लाल सिमेंटवर शेवटची पायरी कुठे संपते ते संध्याकाळी दिसत नाही. पावसाळ्याआधी चिऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घ्या, हे तर तरुणांसाठीही.

हात. आडोळीवर बसून नारळ खवणं सासूबाईंना आता शक्य नाही, ना खाली बसणं, ना करवंटी धरणं. ओट्याला चिकटणारी हँडलची खवणी मिळते, ती ज्यांची बोटं शाबूत आहेत त्यांना बरी. पण त्यांना नारळ खवण्यात रस नव्हताच, त्यांचा सगळा जीव वाटणात. तेव्हा खवतं कोणीही, मिक्सर मी फिरवते आणि वाटी त्यांच्यापुढे नेते, त्या दोन बोटांत चिमूट घेऊन चोळतात आणि म्हणतात, ‘अजून रवाळ आहे, फिरव.’ झालं, स्वयंपाक अजून त्यांचाच. बरण्यांची झाकणं सैल लावून ठेवा, चाकू-चमच्यांच्या दांड्यांना जाड रबरी नळी चढवा, कपबशीऐवजी दोन्ही हातांत धरता येईल असा मग द्या. आणि पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की दारात त्यांनाच जाऊ दे. पाव घ्यायला वेळ लागतो, सुटे पैसे मोजताना गोंधळ होतो, होऊ दे.

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधून टांगलेली चौकट, हे आमच्याकडचं सगळ्यात अवघड प्रकरण. सासरे सगळं आयुष्य स्टुलावर चढून माटोळी बांधत आले आणि आता स्टूल बंद म्हणजे बंद, त्यावर चर्चा नाही. मग आम्ही कामाची फाळणी केली. सोप्यावर त्यांची खुर्ची, समोर सुपांत कांगलां, माट्टी, घागऱ्यो, कवंडळं, तोरिंगं, सुपारीचे घोस सगळं मांडलेलं. घोस डाव्या हाताने मांडीवर दाबून धरायचा, तेवढी ताकद त्या हातात आहे, केवणीच्या दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात आणि गाठ उजव्या हाताने. बांधलेला घोस नातू वर नेतो आणि खालून हुकूम सुटतात, ‘जड सगळं मधे घे रे, कडेला हलकं, तो नारळ तुझ्या डोक्यात पडेल.’ पूर्वी दोन तासांत व्हायचं ते आता अर्धा दिवस चालतं आणि पोराला माटोळी बांधता यायला लागलीय.

भजनाचंही असंच काहीतरी करता येतं. मांडी घालता येत नाही म्हणून लोक भजन सोडतात, का तर सगळे खाली आणि आपण खुर्चीत कसं दिसेल. मंडळींना सांगून दोन-तीन खुर्च्या कायमच्या ठेवा, एकट्याची खुर्ची कुणालाच नको असते. पेटी टेबलावर घ्या. आवाज पोचत नसेल तर पट्टी खाली घ्या, लांब ताना तरुणांना आणि ध्रुवपद म्हाताऱ्यांना. दम लागत असेल तर टाळ.

स्कूटर बंद करणं फार जड जातं, गोव्यात तर जास्तच, बस कधी येईल याचा नेम नाही. चावी लपवून काही होत नाही, दुसरी चावी असतेच. त्याऐवजी आधी पर्याय लावा आणि मग स्कूटर काढा. ओळखीचा रिक्षावाला ठरवा, वार ठरलेला, वेळ ठरलेली, पैसे त्यांच्याच खिशातून. पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसवू नका, पाय वर टाकतानाच तोल जातो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला न्यायचं तर सकाळी लवकर, गर्दीआधी, मधे चहाला बसायची जागा धरून.

मानकुराद आंबा आणि उर्राक (काजूची हलकी दारू), याबद्दल कोण विचारणार नाही पण सगळ्यांच्या मनात असतं. मधुमेह असला तरी मोसमात आंबा पूर्ण बंद असं बहुतेक डॉक्टर म्हणत नाहीत, प्रमाण विचारा, आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी करा. रस नको, फोड द्या. आंबा निवडायला त्यांनाच सांगा, वास येत नसेल तर देठाकडे अंगठ्याने दाबून कळतं. उर्राकाचं मात्र गोळ्या बघून. झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या यांच्याबरोबर दारू म्हणजे संकट, घोटभर का असेना डॉक्टरला स्पष्ट विचारा, तेही लाजत नाहीत.

काही गोष्टी नाही येत परत. विहिरीचं पाणी शेंदणं, नदीत पोहणं, एकट्याने पंढरपूर. तिथे ‘आता काय करायचंय तुम्हाला’ असं म्हणू नका आणि उगाच पर्यायही पुढे ढकलू नका, दोन शिव्या घालू दे नशिबाला, ऐकून घ्या.

काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा परवडत नसेल तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, २०१७ पासूनची, कमी उत्पन्न असलेल्या ६० वर्षांवरच्यांसाठी, त्याची शिबिरं लागतात, पंचायतीत विचारून ठेवा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, फुकट आहे. आणि एकदा बसवलेली व्यवस्था तशीच चालत नाही, शिगम्याला (होळीच्या सुमारास) जे जमत होतं ते चवथीला जमेलच असं नाही, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी खुर्चीची उंची, दिव्याची जागा, चपलांचे तळ आणि चष्म्याचा नंबर परत बघायचा.