कामाचा दिवस उंबऱ्याबाहेर ठेवताना
कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे सुमारे ५४ किलोमीटरचे अंतर रोज दोनदा कापणाऱ्याला विश्रांतीसाठी वेगळा तास सापडणे कठीण असते. म्हणून ती आहे त्याच दिवसात बसवावी लागते. कार्यालयातून निघण्यापूर्वी दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि उरलेली कामे, उद्या प्रथम ज्याला हात घालायचा त्यासह, कागदावर उतरवून तो कागद तिथल्याच खणात ठेवावा, कारण लिहून न काढलेले अर्धवट काम रात्री अंथरुणातही मनात घोळत राहते. मला हाच उपाय सर्वांत मोलाचा वाटतो. परतीच्या लोकलमध्ये, उभे राहावे लागले तरी, चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सावकाश सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. घरी आल्यावर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा, हातपाय धुवावेत आणि खिडकीशी बसून, दुसरे काहीही न करता, घोट घोट चहा संपवावा. पहिले काही दिवस अस्वस्थ वाटेल. तेव्हा फोनकडे वळण्याऐवजी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालावे आणि माती ते शोषून घेईपर्यंत तिथेच थांबावे.