पत्र्याच्या शेडमध्ये थंडी किती उतरते?

खान्देशात उन्हाळा ४५ अंशांचा, म्हणून थंडीला आपण मोजतच नाही. पण धुळ्यात पारा काही वर्षी ५-६ अंशांवर येतो, आणि गाडी ठेवायची पत्र्याची शेड तेव्हा बाहेरइतकीच गार असते. पत्रा तर हवेपेक्षाही थंड पडतो! निरभ्र रात्री तो आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकतो. मग पहाटे आतल्या बाजूला दव धरतं आणि टपकतं. युरियाची गोणी खाली असेल तर तिचे खडे झालेच समजा. गोण्या फळ्यांवर रचा, वर ताडपत्री टाका आणि वारा खेळायला फट ठेवा. स्लॅबची खोली मात्र दिवसाची ऊब धरून ठेवते.

अंदाज नको असेल तर कमाल-किमान तापमापक आणा. छातीच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा दूर टांगा आणि सकाळी किमान आकडा वाचा. फुकटातला मापक म्हणजे खोबरेल तेल, पण ते साधारण २४ अंशांखालीच गोठतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत त्याचा काही उपयोग नाही.

थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो. जुनी असेल तर डिसेंबरआधीच तपासून घ्या. पहाटे केळीच्या बागेत जायच्या वेळी ट्रॅक्टरला धक्का मारणं कुणाला हवंय?