जुनी पुस्तके शोधताना या चुका टाळा

हवे असलेले पुस्तक कुठेच मिळत नाही, अशी तक्रार कोणी केली की मी आधी विचारतो, त्या पुस्तकाविषयी तुम्ही काय लिहून ठेवले आहे? बहुतेक वेळा एवढेच कळते की एका मित्राने ते नुकतेच वाचून फार कौतुक केले होते आणि नाव साधारण अमुक होते. जुन्या पुस्तकांचा शोध पुष्कळदा इथेच, दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच फसतो. एकाच नावाची दोन वेगळी पुस्तके असतात, एकच पुस्तक दोन देशांत दोन नावांनी निघालेले असते, आणि गाजलेल्या पुस्तकाचे तर अनेक अनुवाद, त्यांतला एखादा संक्षिप्त, असे एकाच वेळी विक्रीला असतात. म्हणून अलीकडे वाचलेल्या पुस्तकाविषयी इतरांना सांगताना लेखक, अनुवादक, प्रकाशक आणि आपल्या हातातल्या प्रतीचे आवृत्तीवर्ष एवढे तरी सांगावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढ्याने ऐकणाऱ्याला उत्साह येतो, पण शोधायला धागा मिळत नाही. पुस्तकातले नेमके काय आवडले, हेही सांगावे. तेच पुस्तक मिळाले नाही, तर त्याच्या जवळचे दुसरे कोणते चालेल, हे त्यावरूनच ठरवता येते.

क्रमांकावर विसंबून राहणे

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हाताशी असला की शोध सोपा होतो, हे खरे. पण तो क्रमांक त्या विशिष्ट आवृत्तीचा असतो. पुठ्ठा बांधणीच्या प्रतीचा क्रमांक वेगळा आणि कागदी बांधणीचा वेगळा, त्यामुळे फक्त क्रमांकाने शोधणाऱ्याच्या नजरेतून दुसऱ्या बांधणीच्या सगळ्या प्रती निसटतात. या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक १९७० मध्ये आले, तेव्हा त्यापूर्वीच्या पुस्तकावर असा क्रमांक सापडला नाही म्हणून प्रत बनावट ठरत नाही. १ जानेवारी २००७ पासून दहा अंकांच्या जागी तेरा अंक आले. जुन्या क्रमांकापुढे नुसते ९७८ लावून भागत नाही, कारण शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि तो नव्याने काढावा लागतो. दहा अंकी क्रमांकाच्या शेवटी एक्स हे अक्षर दिसले, तर ती छपाईतली चूक समजू नये. त्या जागी दहा ही संख्या अभिप्रेत असते. लेखकाचे नाव आणि शीर्षक यांनीही स्वतंत्रपणे शोध घ्यावा.

पाने न तपासता पुस्तक घेणे

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची हळहळ अजून गेलेली नाही. कित्येक वर्षे शोधलेली एक कादंबरी अखेर हाती आली, मुखपृष्ठ स्वच्छ होते, कणा घट्ट होता, आणि त्या आनंदात मी पहिले व शेवटचे पान पाहून पैसे दिले. घरी वाचताना पृष्ठ ११२ संपले आणि समोर १२९ आले. पान फाटल्याची एकही खूण नव्हती, कारण ते फाटलेलेच नव्हते. पुस्तकाची पृष्ठे मोठ्या कागदावर एकत्र छापून, तो कागद दुमडून त्याचा फॉर्म तयार करतात, आणि असे फॉर्म क्रमाने लावून बांधणी होते. माझ्या प्रतीत सोळा पृष्ठांचा आठवा फॉर्म लावायचाच राहून गेला होता. क्वचित एखादा फॉर्म दोनदा लागतो किंवा उलटा बसतो. म्हणून दर सोळा पृष्ठांनंतर पृष्ठांक पाहत जावे. तीनशे पृष्ठांच्या पुस्तकाला या कामासाठी दोन मिनिटे पुरतात. जुन्या पुस्तकांत फॉर्मच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी बारीक टाइपात फॉर्मचा क्रमांक छापलेला आढळतो, त्याची मदत घ्यावी. चित्रे आणि नकाशे बहुधा वेगळ्या कागदावर छापून मध्ये चिकटवलेले असतात, तेव्हा चित्रसूची असेल तर ती लावून पाहावी. माझी ती सोळा पृष्ठे पुढे एका ग्रंथालयातल्या प्रतीवरून छायाप्रत करून घेतली आणि आता ती त्याच पुस्तकात सुटी ठेवलेली आहेत.

प्रत दुरून मागवायची असेल, तर विक्रेत्याकडून मुखपृष्ठाबरोबरच कण्याचे, आवृत्तीची माहिती असलेल्या पृष्ठाचे आणि सर्वांत खराब झालेल्या पानाचे छायाचित्र मागवावे. इंग्रजी पुस्तकांच्या व्यापारात ‘गुड’ हा शेरा चांगल्या प्रतीला नव्हे, तर बऱ्यापैकी वापरलेल्या, पण सर्व पाने शाबूत असलेल्या प्रतीला देतात, हे माहीत नसल्याने अनेकांचा विरस होतो.

घरी आणल्यावर

नव्याने आलेले पुस्तक थेट कपाटात लावू नये. त्याला कुबट वास येत असेल किंवा पानांवर मऊसर बुरशी दिसत असेल, तर ते वेगळे ठेवून हवेशीर, सावलीच्या जागी पूर्ण कोरडे होऊ द्यावे. ओलसर बुरशी पुसायला गेल्यास ती पसरते. सुटलेल्या पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतात आणि पट्टी पुढे निघून गेली तरी डाग राहतो. कसर किंवा वाळवीची शंका असल्यास पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअस तापमानाला आठवडाभर ठेवावे. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडू नये. पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान एक दिवस, ती तशीच बंद राहू द्यावी, म्हणजे गार कागदावर दव धरत नाही.