बालगृहातील किशोरवयीनांना स्वतःला सावरायला शिकवताना

किशोरवयात भावना वेगाने उसळतात, पण त्यांना आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यात ज्याचे लहानपण बदलत्या माणसांच्या हाती गेले, त्याने ‘राग आवर’ एवढ्या सूचनेवर शांत व्हावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. मूल आधी शांत माणसाच्या सोबतीने सावरते, मग एकट्याने. म्हणून पाळ्या बदलल्या तरी प्रत्येक मुलाशी रोज थोडा वेळ एकच ठरलेला काळजीवाहक बोलेल, अशी व्यवस्था अधीक्षकांनी सर्वांत आधी करावी.

कोकणात याची खरी कसोटी गणपतीत लागते. काही मुलांना नातेवाईक बाल कल्याण समितीच्या परवानगीने घरी नेतात, काहींना न्यायला कोणीच येत नाही, आणि मागे राहिलेल्यांनी जेवण टाकले किंवा भांडण काढले की तो शिस्तभंग ठरवला जातो. वस्तुतः ते दुःख असते. कोण जाणार आणि कोण राहणार हे श्रावणातच स्पष्ट सांगावे, खोटी आशा दाखवू नये, आणि राहणाऱ्यांना विचारूनच आरास किंवा नैवेद्याची जबाबदारी द्यावी.

राग उसळलेला असताना उपदेश करू नये. बाकीच्या मुलांना बाजूला करून, थोडे अंतर राखून, खालच्या आवाजात मोजकेच बोलावे. अंगणात फेऱ्या मारणे, तोंडावर पाणी मारणे, सावकाश श्वास सोडणे यांपैकी आपला उपाय मुलाने शांत असताना स्वतः निवडलेला असावा. पावसाळ्यात अंगण मिळत नाही, तेव्हा पडवीचा एक कोपरा ठरवावा, मात्र तो शिक्षेची जागा कधीही होऊ नये. मूल निवल्यावर, ‘असे का केलेस?’ याऐवजी आधी अंगात काय जाणवले, मुठी वळल्या की कान तापले, हे विचारावे आणि मालवणीत किंवा त्याच्या बोलीत सांगू द्यावे.

संस्थेतील शारीरिक शिक्षा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार गुन्हा आहेच. जेवण तोडणे किंवा नातेवाइकांची भेट नाकारणे हेही तितकेच घातक, कारण त्यातून मूल संयम शिकत नाही, भावना लपवायला शिकते.

अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सुटते, म्हणून पंधराव्या वर्षापासून बाजारहाट, एसटीचा प्रवास आणि थोड्या पैशांचा हिशेब त्यांच्या हाती द्यावा. पैसे लवकर संपले तर रागावू नये, पण लगेच भरूनही देऊ नयेत.

स्वतःला इजा करणे, मरणाची भाषा किंवा अनेक दिवस झोप न लागणे दिसल्यास मुलाला एकटे न सोडता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.