फोन धरण्याच्या पद्धतीमुळे रेंज जात असल्यास

एकाच जागी बसून बोलतानाही आवाज तुटत असेल, तर सिम बदलण्याआधी हाताची पकड तपासावी. अँटेना बहुधा फोनच्या कडांना असतात आणि तळहाताखाली झाकले जातात.

१. अँड्रॉइड फोन टेबलावर ठेवून सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या भागात सिमच्या स्थितीखाली दिसणारा सिग्नलचा आकडा टिपावा.

२. फोन नेहमीसारखा मुठीत धरून अर्ध्या मिनिटाने आकडा पुन्हा पाहावा. दोन-तीन वेळा करूनही उणे ९५ चा उणे ११० होत असेल, म्हणजे सिग्नल कमजोर होत असेल, तर दोष पकडीचाच समजावा. (स्क्रीनच्या वरच्या बाजूच्या रेंजच्या दांड्यांवर विसंबू नये, त्या फार ढोबळ असतात.)

३. खालचे कोपरे मोकळे सोडून फोन मधोमध, बोटांच्या टोकांनी धरावा.

धातूचे कव्हर मात्र टाळावे, कारण त्याने रेंज आणखी घटू शकते.