गिटहबवर कोडच्या ओळीचा माग कसा काढायचा

एखादी ओळ विचित्र दिसली की लगेच उडवू नका, आधी ती का आली ते बघा. गिटहबवर (कोड ठेवायची, त्यातल्या बदलांची नोंद ठेवणारी साइट) फाइल उघडा, वर ‘कोड’च्या शेजारी ‘ब्लेम’ आहे ते दाबा, कीबोर्डवर नुसतं बी दाबलं तरी चालतं. ओळींच्या डावीकडे कमिटचा (म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा) मेसेज, कोणी केला आणि किती दिवस झाले ते दिसेल.

पण बरेच जण इथेच थांबतात आणि चुकीच्या माणसाला जाऊन विचारतात. ब्लेम सांगतं की ओळीला शेवटचा हात कोणी लावला, मुळात कोणी लिहिली ते नाही. कोणी फक्त इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) बदललं असेल तरी त्याचंच नाव येतं.

मागे मला एका फाइलमध्ये टाइमआउट ४५ सेकंद दिसला, बाकी सगळीकडे ३०. ब्लेममध्ये मेसेज होता ‘फॉरमॅटिंग’, म्हणजे हाती काहीच नाही. मग मेसेजच्या बाजूला एकावर एक चौकोनांचं छोटं आयकॉन असतं ना ते दाबलं, त्याने त्या कमिटच्या आधीची फाइल ब्लेमसकट उघडते. दुसऱ्यांदा दाबल्यावर खरा कमिट सापडला, त्यात पीआरचा (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) नंबर होता आणि पीआरच्या चर्चेत सरळ लिहिलेलं की मोठे रिपोर्ट ३० सेकंदांत होत नाहीत. खरं कारण बहुतेक वेळा पीआरमध्येच असतं, तिथपर्यंत जाच.

फॉरमॅटरचे (कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या टूलचे) कमिट सारखे आड येत असतील तर रेपोच्या (प्रोजेक्टच्या) रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ या नावाची फाइल ठेवा (नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत) आणि त्यात त्या कमिटचे पूर्ण ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळखखूण) टाका, गिटहब ब्लेममध्ये ते कमिट आपोआप वगळतं. टीमवर खरंच उपकार होतील.

कोड दुसऱ्या फाइलमधून उचलून आणला असेल तर ब्लेम तो आणणाऱ्या कमिटलाच अडकतं. तेव्हा कमिटचा डिफ (काय काय बदललं ते) उघडा, लाल म्हणजे काढलेल्या ओळींत जुनी फाइल शोधा आणि पेरेंट कमिटवर, म्हणजे त्याच्या आधीच्या कमिटवर, जाऊन तिचं ब्लेम बघा. डिलीट झालेली ओळ ब्लेममध्ये दिसणारच नाही, त्यासाठी रेपो क्लोन करून (आपल्या मशीनवर उतरवून) ‘गिट लॉग’ या कमांडला डॅश कॅपिटल एस लावून तो शब्द शोधायचा.

आणि कोणाला ओळीची लिंक पाठवायची असेल तर फाइल उघडी असताना आधी वाय दाबा, यूआरएलमध्ये ब्रँचच्या (कोडच्या चालू शाखेच्या) नावाजागी कमिटचा हॅश येतो, नाहीतर उद्या कोणी वर चार ओळी टाकल्या की तुमची लिंक भलत्याच ओळीवर जाईल.